हरवल्याचे कारण

प्रिय सई आणि निनाद,

मिरजेच्या घरातून आम्ही निघालो त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि अक्का स्वयंपाकघरात ओटीचं ताट लावत होत्या. मुंबईची गाडी गाठायची होती, मुंबईहून विमान, आणि पुढे सिंगापूर. तुमच्या आजोबांना तिथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनीअरची नोकरी मिळाली होती. माझ्या हातात कागदपत्रांची फाइल होती. दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, माझ्या बी.ए.ची इंग्रजीची गुणपत्रिका, आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मी त्या पुन्हा मोजत होते.

"कितींदा मोजशील गं? पाय फुटले नाहीत त्यांना," अक्का म्हणाल्या.

अक्का म्हणजे आजोबांची मोठी बहीण, तुमची अक्काआजी. त्यांचं सासर त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. सासूबाई विधवा, त्यामुळे सुनेची ओटी भरायला त्यांनी लेकीला बोलावलं होतं. नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि हिरवा खण, त्याला लाल बारीक काठ. अक्कांनी स्वतः पेठेत जाऊन आणलेला. पदरात घालताना त्या म्हणाल्या, "हा शिवून घाल हं, सुधा. पेटीत ठेवून त्याचं जुनेर करू नकोस."

मी हो म्हटलं. मग घड्याळाकडे बघून आजोबांना इंग्रजीत म्हणाले, हे सगळं लवकर आटपायला सांगा. अक्का सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांना कळणार नाही असं मी धरून चालले होते. तो खण मी पेटीत ठेवला, आणि पेटीतून सिंगापूरच्या कपाटात.

हे पत्र मी आता लिहिते आहे, कारण मे महिन्याच्या सुटीत तुम्ही पुण्याहून मिरजेला जाल आणि अक्काआजीला चिडवाल. कशावरून चिडवाल ते मला माहीत आहे. ते तुम्हाला मीच शिकवलं आहे.

इथे आल्यावर मी बालवाडीत शिकवू लागले. आधी आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो, मग टॅम्पिनीसचा हा फ्लॅट घेतला. तुमची आई इथेच वाढली. काही वर्षांनी आम्ही नागरिकत्व घेतलं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागला आणि हातात गुलाबी कार्ड आलं. इथे त्याला सगळे आयसी म्हणतात. त्याच्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा आणि एक नंबर. दवाखान्यात, बँकेत, मतदानाला, सगळीकडे तेच. अलीकडे ते फोनमध्येही दिसतं, पण माझा विश्वास प्लास्टिकवर. मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते, आणि ठेवल्यावर कप्प्याची चेन दोनदा ओढून बघते. फोनवर अक्कांना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे आता तू आमची राहिली नाहीस का काय?" आणि लगेच हसल्या होत्या. मी त्यांना नागरिकत्वाचा कायदा समजावून सांगितला होता.

अक्का इथे पहिल्यांदा आल्या त्या मागच्या वर्षी, महिनाभर. इतक्या वर्षांत मी त्यांना आग्रह केला नव्हता हेही लिहून ठेवते. त्या एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, मोठ्यांदा बोलायच्या आणि मी हळू बोला म्हणायचे. हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टेबल पकडायला लोक कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जातात, ते बघून त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पुडीला इतका मान? आमच्याकडे माणूस बसलेलं असलं तरी उठवतात." लिटिल इंडियात गजरा घेताना त्यांनी तमिळ फुलवालीशी मराठीतून घासाघीस केली आणि दोघींचं जमलं. मी बाजूला उभी राहून लाजत होते. कशाला लाजत होते, ते मला आज सांगता येणार नाही.

त्यांना रिकामं बसवत नसे. दुपारी मी झोपले की त्या माझं कपाट उघडून साड्यांच्या घड्या नव्याने घालायच्या. मला ते आवडत नव्हतं. माझ्या कपाटात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे. ओटीत आलेले खणसुद्धा मी एका पिशवीत ठेवते, आणि प्रत्येकाला देणारीच्या नावाची चिठ्ठी टाचते. खण बायकाबायकांत फिरत असतात हे तुमची आई तुम्हाला सांगेल. जिने दिला तिच्याच ओटीत परत गेला तर शोभा होते, म्हणून चिठ्ठ्या.

त्या निघायच्या आदल्या दिवशी बाथरूमची गळती काढायला दोन माणसं आली होती. घरभर पसारा झाला होता. दुसऱ्या दिवशी टॅक्सी खाली येऊन थांबली, आजोबा बॅग घेऊन लिफ्टपाशी गेले, आणि तेव्हा मला आठवलं की ओटी भरायची राहिली. मी धावत जाऊन पिशवीतला वरचा खण काढला, नारळ घेतला, मूठभर तांदूळ घेतले. अक्कांनी पदर पसरला. खणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "निघते," एवढंच म्हणाल्या.

दहा दिवसांनी सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये माझी तपासणी होती. पर्सचा कप्पा उघडला तर आयसी नव्हतं.

मी दोन दिवस शोधलं. फायली, ड्रॉवर, गाद्यांच्या खाली. आजोबा म्हणाले, "तूच कुठेतरी ठेवलं असशील." मी विसरले असेन ही शक्यता मी विचारातसुद्धा घेतली नाही. या घरात वस्तू हलवणारं एकच माणूस येऊन गेलं होतं.

मी मिरजेला फोन लावला.

"अक्का, तुम्ही माझ्या कपाटाला हात लावत होता ना?"

"लावत होते की. का गं?"

"माझं ओळखपत्र सापडत नाही. गुलाबी कार्ड."

"कागदांना मी शिवले नाही, सुधा. साड्या तेवढ्या घड्या केल्या."

"चुकून तुमच्या सामानात गेलं असेल. तुम्हाला त्याचं महत्त्व कळायचं नाही, पण इथे ते हरवलं म्हणजे काय होतं..."

अक्का म्हणाल्या, "थांब. सूनबाईला सांगून तुला तोंड दिसेल असा फोन लावते."

व्हिडिओ कॉल आला. अक्कांच्या मुलाने माळ्यावरून बॅग काढली होती. अक्का पलंगापाशी उभ्या होत्या. त्यांनी बॅग पालथी केली. मग कपाटातून इथे आणलेली एकेक साडी काढली, उलगडून झटकली आणि मुलाच्या खांद्यावर टाकली. "ही बघ. ही बघ. आता खिसा बघ," असं म्हणत बॅगेचे कप्पे कॅमेऱ्यासमोर धरले. मुलगा आणि सून खाली बघत होते. एका ताटात नारळ, तांदूळ आणि हिरवं काहीतरी होतं. ते त्यांनी बाजूला सारलं. "ही ओटी आहे. ही झटकत नाहीत."

पुरे, असं मी म्हणू शकले असते. मी शेवटच्या साडीपर्यंत बघत राहिले.

आयसी हरवलं तर इथे ऑनलाइन अर्ज करायचा असतो. त्यात एक रकाना होता, हरवण्याचं कारण लिहायचा. मी नीट विचार करून, शुद्ध इंग्रजीत लिहिलं, घरी आलेल्या नातेवाइकांकडून गहाळ झाले. वाक्य चांगलं जमलं असंही मला वाटलं. त्या रविवारी तुमच्याशी बोलताना मी ते रंगवून सांगितलं, आणि निनाद, तू म्हणालास, "म्हणजे अक्काआजी इंटरनॅशनल चोर!" आपण सगळे हसलो. मीही हसले.

नवीन कार्ड घ्यायला गेले तर माझा अंगठा यंत्रात उमटेना. काउंटरवरच्या मुलीने क्रीमची बाटली पुढे केली. "नेव्हर माइंड लाह, आंटी. वयाने असं होतं, पुन्हा लावा." मग पडद्यावर बघत तिने विचारलं, "रिलेटिव्हने घेतलं आह?" मी म्हटलं, "येस." तिसऱ्या खेपेला अंगठा उमटला.

त्यानंतर अक्कांचा फोन आला नाही. मीही केला नाही. थेट चैत्रात त्यांचा फोन आला.

"तुझं कार्ड सापडलं. शिंप्याकडे."

"शिंप्याकडे?"

"खण शिवायला टाकला. त्याने घडी मोडली आणि पडलं की खाली. तू दिलेल्या ओटीतला खण."

तेव्हा मला आठवलं. बाथरूमची माणसं आली त्या सकाळी पर्स हॉलमध्येच पडली होती. मी कार्ड काढून कपाटात, खणाच्या घडीत सरकवलं होतं. माझी आई जपायच्या वस्तू साडीच्या घडीत ठेवायची आणि मी तिला फाइल आणून देत असे. घाईच्या वेळी माझा हात तिच्यासारखाच वागला होता.

अक्कांनी विचारलं, "खण ओळखलास का?"

"नाही."

"हिरवा. लाल काठाचा. तू सिंगापूरला निघालीस तेव्हा मीच घातला होता पदरात."

त्याला मी चिठ्ठी टाचली नव्हती. हा कोणाचा हे विसरणार थोडीच, असं तेव्हा वाटलं होतं.

"तुम्ही दारातच ओळखला होता?"

"मी पेठेत चार दुकानं फिरून घेतला होता, सुधा. ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"टॅक्सी उभी होती. तुला घाई असते." पुढे म्हणाल्या, "तेव्हापण होतीच की. आटपा लवकर, म्हणाली होतीस. इंग्रजीतनं."

मी रडायला लागले. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "एक चोरी मात्र मी केली आहे. तुझ्या कपाटातला एक जुना ब्लाउज आणलाय, मापाला. चोळी शिवून पाठवीन म्हणून. आल्या आल्याच शिंप्याकडे टाकला होता, म्हणून त्या दिवशी बॅगेत सापडला नाही तुला."

पंधरा दिवसांनी पार्सल आलं. कागदात गुंडाळलेलं जुनं कार्ड, आणि त्या हिरव्या खणाची चोळी, माझ्या मापाची. कापड घडीवर थोडं विरलं होतं. तिथे शिंप्याने आतून पट्टी लावली होती.

हरवलेलं कार्ड सापडलं की परत करावं लागतं. मी चोळी घालून त्याच काउंटरवर गेले, कार्ड दिलं आणि सांगितलं की अर्जातलं कारण चुकीचं आहे, ते बदलायचं आहे. त्या दिवशी दुसरी मुलगी होती. "आंटी, केस क्लोज झाली. नो नीड टू चेंज लाह." मी पुन्हा सांगितलं. ती हसून म्हणाली, "कोणी वाचत नाही ते."

पण तुम्ही दोघांनी ते ऐकलं आहे, म्हणून ते तुमच्याजवळ तरी मला दुरुस्त करता येईल. लिहून ठेवा: ओळखपत्र सुधाआजीने स्वतः ठेवलं, स्वतः दिलं आणि आळ दुसऱ्यावर घेतला. अक्काआजीने ते घेतलं नव्हतं. मिरजेला गेल्यावर हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचा. ती थांबवेल, तरी पूर्ण वाचा. तिला मी सगळ्यांच्या देखत साड्या झटकायला लावलं होतं.

मापाचा ब्लाउज अक्कांनी पार्सलमधून पाठवला नाही. मी फोनवर आठवण केली तर म्हणाल्या, "राहू दे शिंप्याकडे. पुन्हा लागेल." नव्या कार्डावर माझा टॅम्पिनीसचा पत्ता आहे, आणि तो बरोबर आहे. पण मिरजेत एका शिंप्याच्या फळीवर माझं माप ठेवलेलं आहे, आणि ते तिथून हलवू नका असं अक्कांनी त्याला बजावलं आहे. घर कुठलं असं कोणी विचारलं तर हल्ली मला आधी ती फळी आठवते.

तुमची,
सुधाआजी