खांद्याचं माप

गल्लीत तिला सगळे टेपवालीच म्हणायचे. गळ्यात टेप नाही अशी तिला कोणी पाहिलीच नव्हती. आंघोळीलाही टेप घालूनच जात असेल, असं समोरचा चपलांवाला म्हणायचा. शाळेचे गणवेश शिवावेत ते तिनेच. पोरी मापाला आल्या की एका नजरेत ओळखायची, कुणाचा सदरा यंदा पुरणार नाही ते. मग त्या पोरीच्या आईला बाजूला घेऊन हळूच म्हणायची, "वाढायला लागलीय हो. घाबरायच्या आत दोन शब्द बोलून ठेवा तिच्याशी."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःच्या घरात बारा वर्षांची पोर होती आणि तिच्याशी बाईने अर्धा शब्द काढला नव्हता. सदा गुणगुणायची म्हणून पोरीचं नाव भुंगी पडलेलं. पण गेले काही महिने भुंगीचा आवाजच बंद होता. परीक्षेचं टेन्शन असेल, म्हणून आईने स्वतःची समजूत घातली होती.

नव्या गणवेशासाठी आईने तिला उभं केलं. उंची वाढली होती, कंबर वाढली होती. खांदा मात्र गेल्या वर्षीच्या सदऱ्यापेक्षा अर्धा इंच कमी भरला. वाढत्या पोरीचा खांदा आटतो का कुठे? टेप ताणली असेल, म्हणून तिने ती पट्टीवर लावून पाहिली. टेप ठीक होती. "सरळ उभी राहा गं," ती खेकसली.

"उभीच आहे," भुंगी म्हणाली. दोन्ही खांदे पुढे ओढलेले, पाठीला बाक, हात छातीशी आवळलेले.

टेपवाली मशीनवर जाऊन बसली, पण हाताला काम सुचेना. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. डावी बाही उजव्या मुंढ्याला लावून बसली. मग उठली, खिडकी उघडली, लावली. हे असं उभं राहणं तिने कुठेतरी पाहिलं होतं.

ती स्वतः एवढीच होती तेव्हा एका सकाळी कपड्यावर डाग दिसला. आता आपण मरणार, असं तिला वाटलं. आईने घडी केलेलं कापड हातात ठेवलं, म्हणाली, "कोणाला सांगू नकोस," आणि पीठ मळायला गेली. वडील तिला रोज सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे. दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच निघू लागले. का, ते कोणी सांगितलं नाही. आपण काहीतरी घाण केलं, एवढंच तिने धरलं आणि खांदे मिटून चालू लागली. आईचा तरी काय दोष? तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

"भुंगे, कोणी काही बोललं का तुला?"

"तूच बोललीस. बाबांच्या अंगाखांद्यावर लोळू नकोस. सैल कपडे घाल. छाती काढून चालू नकोस." पोरीने हात आणखी आवळून घेतले. "बाबा पण आता केसांतून हात फिरवत नाहीत. माझं काय चुकलं, आई?"

हाच प्रश्न टेपवालीने इतकी वर्षं गिळला होता. तिला स्वतःचा सणकून राग आला. शिलाई तशीच टाकून तिने पोरीला शेजारी बसवलं आणि बोलायला लागली. अडखळत, मध्येच लाजून हसत, पण सगळं बोलली: अंग का भरतं, रक्त का येतं, कोणी आवडलं तर पोटात कशा गुदगुल्या होतात. "तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं ते माझं. बाबांशी मी आजच बोलते."

भुंगीने डोळे पुसले. मग तिने आईच्या गळ्यातली टेप काढली.

"आता तू उभी राहा. सरळ."

"उभीच आहे की."

"नाहीयेस."

टेपवालीने खांदे मागे घेतले. आजवर तिने स्वतःचे सगळे कपडे वाकलेल्या मापाचेच बेतले होते. ब्लाउजची छातीवरची शिवण टर्रकन उसवली.

"फाटला," भुंगी घाबरून म्हणाली.

"फाटू दे," ती म्हणाली. "तू माप घे."