सोमवारची जीप

देवराम गेल्याला आता दीड महिना होत आला. त्याच्याबद्दल काहीतरी लिहा, असं दोघातिघांनी मला सांगितलं, आणि दर वेळी मी 'बघू' म्हणून विषय बदलला. कारण असं, की त्याला पळताना पाहिलेल्यांपैकी शेवटचा माणूस मी, आणि कसं पाहिलं हे सांगितल्याशिवाय बाकीच्या आठवणी सांगत बसणं ही लबाडी होईल. तेव्हा ते आधी सांगून टाकतो.

आवणीचे दिवस होते, शेतांतून भाताची रोपं लावणं चाललं होतं. मी जामसरचा. मोखाड्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, शनिवारी घरी जातो आणि सोमवारी सकाळी जव्हारहून पहिल्या जीपने परततो. त्या सोमवारी जीप नेहमीसारखी खचाखच भरलेली. मी अगदी मागे, पावसासाठी लावलेला प्लास्टिकचा पडदा एका हाताने धरून बसलेलो. पोशेऱ्याचा फाटा मागे पडला, चढ लागला, आणि शेतातल्या पायवाटेने देवराम रस्त्याकडे पळत येताना दिसला. अनवाणी, अर्धी चड्डी, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं स्टॉपवॉच. आम्ही पुढे गेल्यावर तो मागे रस्त्याला लागला आणि त्याने हात वर केला. मीही केला. ड्रायव्हरने आरशात बघून गाडी हळू केली. म्हणाला, "सर, घेऊ का त्याला?" मी म्हणालो, "चल रे, तो कशाला बसतोय. तो पळणारा माणूस." सगळी जीप हसली. गाडीने पुन्हा वेग घेतला.

त्याला साप चावला होता. हे मला दुसऱ्या तासाला कळलं, शिपाई दारात येऊन उभा राहिला तेव्हा. फाट्यापासून थोडं पुढे एका मोरीच्या कठड्यावर तो बसलेला सापडला होता. मागून पाऊण तासाने आलेल्या गाडीने त्याला मोखाड्याला दवाखान्यात आणलं, डॉक्टरांनी शर्थ केली, पण उशीर झाला होता. संध्याकाळी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, पाऊण तास आधी आला असता तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही, सर." भला माणूस आहे. पण हे 'सांगता येत नाही' घेऊन मी दीड महिना हिंडतो आहे. जीपमधल्या कुणीही माझ्यापाशी पुन्हा तो विषय काढला नाही. ड्रायव्हर तर मला बघून दुसरीकडे तोंड करतो. आणि देवरामच्या आईला, यमुनाबाईंना, हे मी सांगितलं नव्हतं. परवापर्यंत.

देवराम आठवीत माझ्या वर्गात आला. हडकुळा, काळासावळा, आणि शर्ट कायम घामाने भिजलेला. पोशेऱ्याहून रोज पळत यायचा. उशीर झाला म्हणून नव्हे. त्याला चालणंच जमत नसे. चालायला लागला की दहा पावलांत त्याचं पळणं व्हायचं. मी स्वतः पाण्याच्या तांब्यासाठीसुद्धा उठायचा कंटाळा करणारा माणूस, त्यामुळे मला त्याचं मोठं नवल वाटे. "तुझ्या मागे कोण लागलंय रे?" असं मी रोज विचारायचो आणि तो रोज खाली बघून हसायचा.

पण आमच्या भागात पळणं ही साधी गोष्ट नव्हे. पाडे डोंगरांवर विखुरलेले. कुणी दगावलं, कुणाला झटका आला, बाई अडली, की घरातला एक जण उठून पळत सुटायचा, पाड्यापाड्याला सांगत. एरवी मोठं माणूस पळत नाही. भाताचा भारा डोक्यावर असला तरी चालेल, पण पळणार नाही. त्यामुळे देवराम दिसला की वाटेवरच्या बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "कोन गेला?" तो ओरडायचा, "कोन नाय, शालंत चाललो!" त्यांचा विश्वास बसायला बराच काळ गेला.

नववीत असताना एकदा तो पहिला तास बुडवून आला. मी कारणसुद्धा न विचारता त्याला वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुटीत दुसऱ्या मुलांकडून कळलं ते असं. वाटेवरच्या पाड्यात एक म्हातारी होती, तिचा मुलगा ठाण्याकडे कामाला गेलेला. देवराम आपल्याच घराकडे पळत येतोय असं तिला वाटलं आणि तो तोंड उघडायच्या आत तिने हंबरडा फोडला. अंगणात लोळून ती मुलाच्या नावाने रडायला लागली. शेजारपाजार गोळा झाला. देवराम तासभर तिच्याजवळ बसून सांगत राहिला, की आजी, कुणाला काही झालेलं नाही, मी उगाच पळतोय... उगाच कुणी पळतं, हे तिला समजेना. त्या दिवसापासून त्याने नवीन सवय लावून घेतली. कुठलाही पाडा आला की लांबूनच ओरडायचं, "सगला बरा हाय!" हळूहळू पाड्यातली पोरंच त्याला बघून तसं ओरडायला लागली. पुढे त्याने ओरडणं सोडलं, कारण गरजच उरली नाही. देवराम पळतोय म्हणजे सगळं बरं आहे, हे त्या वाटेवरच्या माणसांच्या अंगवळणी पडलं होतं. माझ्याही.

शिक्षा केल्याबद्दल मी त्याला कधी काही म्हणालो नाही. शिक्षक माफी मागत नसतो, असं मला तेव्हा वाटे. आता लाज वाटते.

दहावीनंतर तो जव्हारला कॉलेजात गेला आणि तिथून पुण्याला, भूगोलात एम.ए. करायला. होस्टेलवर राहायचा. महिन्यातून एखादं पत्र यायचं, त्यात अभ्यास कमी आणि टेकड्या जास्त. पहाटे उठून एक टेकडी, संध्याकाळी दुसरी, रविवारी गड. खोलीतला जोडीदार म्हणे त्याला दार उघडं ठेवूनच झोपायला सांगायचा, म्हणजे पहाटे कडीचा आवाज नको. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, "इथे सकाळी पुष्कळ लोक पळतात, सर. पण कोण गेलं म्हणून कुणीच विचारत नाही. पहिले काही दिवस मला फार चुकल्यासारखं वाटलं." विद्यापीठाच्या मैदानावर कुणीतरी त्याला शर्यतीत उतरवलं, तर तो मधेच थांबला. मी सुटीत त्याला त्यावरून झापलं. म्हणाला, "गोल गोल पळायला कसंतरी होतं, सर. कुठं पोचतच नाही." पुण्यात घेतलेले बूट तो पुण्यातच वापरायचा. गावी आला की अनवाणी.

एम.ए. झाल्यावर तो तिथेच पीएच.डी.ला लागला. विषय घेतला आपल्याच डोंगरातले झरे. कुठल्या झऱ्याला कुठल्या महिन्यात किती पाणी असतं, ते मोजायचं. झऱ्याखाली मापाचं भांडं धरायचं, ते भरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं, वहीत लिहायचं, आणि पुढच्या झऱ्याकडे पळायचं. एकाच दिवशी सगळे झरे मोजून झाले तरच त्या आकड्यांना अर्थ, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं पळायला निमित्त हवं म्हणूनच त्याने असा विषय शोधला होता. एकदा मलाही वही धरायला म्हणून घेऊन गेला. दुसऱ्या झऱ्यापाशी मी दगडावर बैठक मारली आणि सांगून टाकलं, की उरलेले तू बघ, मी इथे विज्ञानाची सेवा करतो. तिथे पाणी भरायला आलेल्या एका बाईने त्याला विचारलं, "मोजलास म्हंजे पानी वाढंल का रं?" तो म्हणाला, "नाय मावशी. पन कवा आटतां तां तरी कलंल." ती म्हणाली, "तां आमाला ठावंय." त्याला हे इतकं पटलं, की त्याने ते वाक्य तिथेच वहीत उतरवून घेतलं.

त्या दिवसांत तो जीपवाल्यांचा चेष्टेचा विषय झाला होता. रस्त्याने पळताना दिसला की जीप थांबायची, आणि तो हात हलवून म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढं, मी येतोच." एकदा आमची जीप माणसं भरत, उतरवत मोखाड्याला पोचली, तर हा डोंगरातल्या आडवाटेने आधीच येऊन स्टँडसमोर माझ्यासाठी चहा सांगून बसलेला. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. त्यानंतर त्याला बस म्हणायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

मागच्या वर्षी मी त्याला माझ्या नववीच्या वर्गात बोलावलं होतं, सापांवर दोन शब्द सांगायला. रानात सतत हिंडत असल्याने त्याला त्यातलं चांगलं कळायचं. फळ्यावर चित्रं काढून त्याने विषारी, बिनविषारी समजावून सांगितलं. म्हणाला, "चावला तर पळायचं नाही. पळालं की विष अंगात भराभर चढतं. गप बसायचं, दुसऱ्याने उचलून न्यायचं." एका मुलीने विचारलं, "आनि दुसरा कोनी नसला तर?" तो म्हणाला, "मग हळूहळू चालायचं, आणि पहिला जो माणूस दिसेल त्याला हाक मारायची."

एवढं माहीत असलेला माणूस पळाला का, हे मला पहिले आठ दिवस समजत नव्हतं. मग एका सोमवारी त्याच जीपमध्ये, त्याच चढावर उलगडलं. झऱ्यावरून तो चालतच उतरत असणार. खालून जीपचा आवाज आला असणार. सकाळची पहिली जीप, वार सोमवार, म्हणजे आत सर असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जीप चुकली तर पुढची कधी येईल याचा नेम नाही. तो मोखाड्याकडे पळत नव्हता. तो माझ्याकडे पळत होता. त्या दिवशी मी वाटेतच उतरलो आणि उरलेला रस्ता चालत गेलो. शाळेत उशिरा पोचलो, पण मला कुणी बाहेर उभं केलं नाही.

परवा पोशेऱ्याला गेलो. यमुनाबाई अंगणात चवळीच्या शेंगा सोलत होत्या. देवरामचे वडील तो लहान असतानाच वारले. घरात आता त्या एकट्याच. मी खाटेवर बसलो आणि काहीही न सजवता सगळं सांगितलं. हात वर केला, ड्रायव्हरने विचारलं, मी चल म्हणालो. सांगून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. त्या शिव्या देतील, उठून आत जातील, असं वाटलं होतं. शेंगा सोलल्याचा आवाज चालूच राहिला.

मग त्या म्हणाल्या, "माझ्या बांधावरशीच गेला तो. पाय आयकलं मी. त्याचं पाय मी वलखते. हातात रोप व्हता, वाकलेली व्हते. वर बघला नाय."

मी मान वर केली.

"हाक पन नाय मारली त्यानं," त्या म्हणाल्या. "आय भिईल, रडंल, म्हनून नसल मारली." आणि सोललेल्या शेंगांकडे बघत, "तुमी तरी बघला. त्याचा तोंड कसा व्हता, सर?"

इतकी वर्षं मुलांना मी एकच गोष्ट शिकवत आलो, की जे दिसलं तेच लिहायचं. मी यमुनाबाईंकडे सरळ बघून म्हणालो, "हसत होता."

"हां," त्या म्हणाल्या. "पलताना हसायचाच तो." आणि पदराने डोळे पुसून मला चहा ठेवायला आत गेल्या.

पोशेऱ्यात आता घरोघरी वाचणारी मुलं आहेत, आणि त्यातली बरीच माझ्या वर्गातून गेलेली. हा कागद तिथे पोचेल आणि त्यातलं कुणीतरी तो यमुनाबाईंना वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. त्या मुलाला किंवा मुलीला मी इतकंच सांगतो... बाळांनो, त्यांना वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. कागदाची घडी करा आणि संपलं म्हणून सांगा.

पडदा माझ्याच हातात होता आणि मला त्याचं तोंड स्वच्छ दिसलं होतं. तो हसत नव्हता. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळत होतं, 'सर... सर...' मी ते नमस्कारात धरलं. तो मला हाक मारत होता.