खांदा उडवायची जागा

वालूरच्या योगीराजचा बँड सहा जणांचा. ढोल त्याच्याकडं, आणि ढोलाचा पट्टा इतका जुना की बारा ठोके झाले की खांद्यावरून घसरायचाच. मग योगीराज एक ठोका सोडायचा, खांदा उडवून पट्टा वर घ्यायचा आणि पुढचा ठोका असा हाणायचा की वरातीतली पोरं तिथंच उडी मारायची.

परवा तो आणि त्याचा क्लॅरिनेटवाला जीवन देवगाव फाट्यावर एस्टीची वाट बघत होते. तेवढ्यात एक वरात आली. पुढं 'सूरमिलाप' बँड, चाळीस वाजवणारे, झगमगती गाडी, जिल्हाभर नाव. योगीराजनं कान टवकारले. बारा ठोके, मग रिकामी जागा, मग तोच दणका. पोरांची उडीसुद्धा तीच!

जीवनचं डोकं फिरलं. "आपला ठेका चोरायलेत की हे! चल, जाब विचारू."

योगीराजही तणतणत चार पावलं गेला आणि थबकला. समोरच्या ढोलवाल्याचा पट्टा कोरा करकरीत, दोन बकलांनी छातीशी आवळलेला. तो तसूभर हलत नव्हता. तरी बारावा ठोका झाला की गडी थांबायचा, खांदा उडवायचा आणि मगच हाणायचा.

योगीराज पोट धरून हसला.

घरी राजेश्रीनं नवऱ्यासाठी नवा पट्टा शिवून ठेवला होता.

"ऱ्हाऊ दे तो," योगीराज म्हणाला. "माझा पट्टा घसरायचा थांबला, तर त्या बिचाऱ्यांनी काय वाजवावं?"