पंधरा मापांचं खोकं

अंधेरीत गाड्यांना सबवूफर बसवणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला, पण त्याचा राग अजून येतो. कानावर पेन्सिल, हातभर प्लायचा भुसा. माझ्या छोट्या गाडीच्या डिकीसाठी त्यानं स्पीकरचं खोकं ठोकलं आणि आतली जागा मोजायला त्यात लिटरच्या मापानं तांदूळ ओतले. पंधरा मापं बसली. गडी खूश.

मी म्हटलं, "काका, दहाचं करा ना. डिकीत सामान मावलं पाहिजे."

त्यानं माप आपटलं. "आवाजाला पाय पसरायला जागा लागते! तुम्ही मुंबईत कोंबून राहता, त्याची शिक्षा ह्याला कशाला?"

गिऱ्हाईकाशी कुणी असं बोलतं? माझं डोकंच फिरलं. पण तो ऐकेचना, शेवटी पंधराचंच बसवून घेतलं.

दुपारी घरी पोचलो. बाबा नेहमीसारखे गॅलरीत गुडघे पोटाशी घेऊन झोपले होते. पायाशी जागा अडवून माझे जुने स्पीकर. त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत मी ते उचलले आणि भंगारवाल्याकडे टाकून आलो.

परत येऊन बघतो, तर जागा मोकळी होती. बाबांचे पाय दुमडलेलेच होते.