एका कढईतला भात

स्पेनमध्ये वॅलेन्सियाला मुलीकडे गेले तेव्हा तिच्या गल्लीत सण होता. संध्याकाळी रस्त्यावरच वाळू पसरून लाकडं पेटवली होती आणि परातीसारख्या पसरट कढईत भात शिजत होता. शिजल्यावर कढईच टेबलावर आली. ताटं नव्हतीच. भोवती बसून प्रत्येकाने चमच्याने आपल्यासमोरचा त्रिकोण खायचा, काठाकडून मध्याकडे. शेजारच्याच्या भाताला कुणी चमचा लावत नव्हतं. उष्ट्याखरकट्याच्या धाकात वाढलेली मी तिथे खुशाल जेवले. इतक्या चोख हद्दी मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही पाहिल्या नाहीत.

शेजारी मुलीची घरमालकीण आम्पारो बसली होती. तिचा भात संपत आला तसा मी माझ्यातला थोडा तिच्याकडे सरकवला. तिने तो हसून परत लोटला.

"आई, इथे असं करत नाहीत," मुलगी पुटपुटली.

हद्द पाळण्यात त्यांची माया असेल, माझी मात्र ती ओलांडण्यातच आहे. मी म्हटलं, "तिला सांग, आमच्या पंगतीत नको म्हणणाऱ्याला पुन्हा वाढतात." आणि भात पुन्हा सरकवला.

मुलीने सांगितलं. आम्पारोने तो भात खाल्ला. मग तिने कढईच्या तळाची खमंग खरपुडी खरवडली आणि माझ्यापुढे ठेवली. पोट भरलं होतं. मी हात आडवा धरून नको म्हटलं.

तिने माझा हात बाजूला केला आणि पुन्हा वाढलं.