न विचारता छापू नये

काही घरांत जुनी वर्तमानपत्रे साठतात, काही घरांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या. माझ्याकडे गेल्या वर्षभरात संताप साठला. वर्तमानपत्रे रद्दीत घालता येतात, संतापाला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून तो इथे मांडते आहे. हे सगळे किस्से एकाच मंडळातले आहेत आणि एकाच फोटोपायी घडलेले आहेत.

मंडळ म्हणजे आम्ही चौघे. कुमुदताई ह्या आमच्या आवडत्या भावगीतगायिका. त्या जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या गाण्यांची माहिती एका ठिकाणी राहावी म्हणून आम्ही वेबसाइट काढायचे ठरवले. अध्यक्ष डॉ. बेंडाळे, निवृत्त दंतवैद्य. दुसरे निंबा अण्णा, सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. कॉम्प्युटरचे सर्व काम माझी नात केतकी पाहणार, आणि मजकूर तपासणार मी. मी जुनी मॅट्रिक आहे. आमच्या वेळी निबंधात दुसऱ्याचे वाक्य घेतले आणि अवतरणचिन्ह विसरले, तर बाई वही वर्गाबाहेर भिरकावीत असत.

पहिल्या पानावर कुमुदताईंचा तो प्रसिद्ध फोटो हवा, ह्याबद्दल एकमत होते. गाता गाता मान किंचित वळलेली, आणि चेहऱ्यावर अवचित फुटलेले हसू! फोटो नाशिकमधल्याच एका कार्यक्रमातला. मी त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत होते. माझे यजमान वसंतरावही होते, म्हणजे देहाने होते. गाणे सुरू झाले की त्यांचा डोळा लागे आणि मी त्यांना कोपराने ढोसत असे. हे मी मंडळात अनेकदा सांगितलेले आहे. ते आता नाहीत. परंतु जे खरे ते सांगावेच लागते.

मी पहिल्याच बैठकीत विचारले, "हा फोटो काढला कोणी? त्यांची परवानगी घेतली का?"

तिघांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी वेबसाइटला दाराची कडी कुठे आहे असे विचारले होते!

* * *

केतकी म्हणाली, "आजी, परवानगी कशाला? गूगलवर आहे ना!"

मी म्हटले, "शेजारच्या गच्चीवर दोरीला साडी वाळत घातलेली मला दिसते. म्हणून मी ती नेसून बसू का?"

"आजी, साडीचं वेगळं असतं. साडी घेतली तर त्यांच्याकडे राहत नाही. फोटो घेतला तरी त्यांच्याकडे राहतोच!"

इंजिनिअरिंग शिकलेल्या मुलीचे हे तर्कशास्त्र. मी उठले, तिच्या रोजनिशीचे पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचू लागले.

"आजी! ती माझी आहे! ठेव ती!"

"ओरडू नकोस. मी फक्त वाचते आहे. वही तुझ्याकडेच राहणार आहे."

* * *

डॉक्टरांनी तोडगा काढला. फोटोखाली लिहायचे, 'सौजन्य : इंटरनेट'.

"इंटरनेट ह्या गृहस्थांनी कॅमेरा कधी घेतला?" मी विचारले.

"काकू, तुम्ही फार ताणता. अहो, सगळे असंच लिहितात."

ह्याच डॉक्टरांची एक हकिगत नाशिकमध्ये अनेकांना ठाऊक आहे. त्यांनी आपल्या दवाखान्याच्या पत्रकावर एका रुग्णाच्या दातांचे दोन फोटो छापले होते, उपचारापूर्वीचा आणि नंतरचा. ते फोटो दुसऱ्या एका दंतवैद्याने उचलून स्वतःच्या जाहिरातीत घातले. तेव्हा डॉक्टरांनी कॉलेज रोडवर भर चौकात त्याला गाठून "चोर, चोर!" म्हणून आरडाओरडा केला होता.

मी त्यांना त्याची आठवण दिली. डॉक्टर ताडकन म्हणाले, "मग काय करणार? माझी मेहनत होती ती!"

"मेहनत तुमची. दात कोणाचे होते?"

"एका पेशंट बाईंचे."

"त्यांना विचारले होते?"

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.

* * *

त्याच सुमारास एका चौकात मोठा फ्लेक्स लागला. कोणत्या तरी गाण्याच्या स्पर्धेचा. त्यावर तोच फोटो! कुमुदताईंचे कान कापलेले, चेहरा गुलाबी केलेला आणि शेजारी हात जोडून उभे असलेले आठ स्वागतोत्सुक. रिक्षा थांबवून मी खाली उतरले, फ्लेक्सच्या कोपऱ्यातला नंबर टिपून घेतला आणि तिथूनच फोन लावला. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाचे मालक बोलले.

"हा फोटो आपण कोठून घेतलात?"

"फोटो आपलाच आहे मावशी."

"आपलाच म्हणजे? आपण काढलात?"

"नाय नाय. आपल्या कॉम्प्युटरमध्येच हाय ना तो! पहिल्यापासून!"

मी म्हटले, "माझ्या घरात पहिल्यापासून पाली आहेत. त्या मी जन्माला घातलेल्या नाहीत!"

मग मालक अतिशय अदबीने म्हणाले, "मावशी, पालीचा पण फ्लेक्स करायचाय का?"

* * *

फोटोग्राफरचा पत्ता लागला तो निंबा अण्णांमुळे. त्यांच्या सटाण्याच्या आडतीत, वजनकाट्याच्या वर, कुमुदताईंचा तोच फोटो फ्रेममध्ये टांगलेला आहे. त्यांच्या वडिलांनी लावलेला. मी म्हटले, "अण्णा, ही मूळ प्रत दिसते. फ्रेम उघडून मागची बाजू पाहा."

अण्णा हादरले. "काकू, बाबानी लायेल फ्रेम शे ती! मी कशी उघडू?"

दोन आठवडे त्यांनी टाळाटाळ केली. शेवटी एका सकाळी फोन आला. बाजार सुरू असावा, मागे नुसता गलबला होता. अण्णा ओरडून सांगत होते, "काकू, मांगे शिक्का शे! मनमाडना शे!"

"काय लिहिले आहे? अक्षर न अक्षर वाचा."

अण्णांनी अडखळत वाचले. हमीदभाई, फोटोग्राफर, स्टेशन रोड, मनमाड. आणि त्याखाली ठळक अक्षरांत : 'न विचारता छापू नये.'

मी म्हटले, "अण्णा, ही सूचना किती वर्षे तिथे आहे?"

"चाळीसच्या वर झाली असतील."

"आणि तिचे तोंड कुठे होते?"

अण्णा हळूच म्हणाले, "भिंतीकडे."

* * *

मी मनमाडला पत्र लिहिले. ते परत आले, 'दुकान बंद' असा शेरा घेऊन. दुसरे लिहिले, तेही परत आले. स्मृतिदिन दीड महिन्यावर आला. त्या दिवशी वेबसाइट सुरू व्हायची होती, आणि पहिल्या पानावर कुमुदताईंच्या जागी एक राखाडी चौकोन होता.

डॉक्टर म्हणाले, "काकू, उत्तर नाही, म्हणजे हरकत नाही."

"पत्र पोचलेलेच नाही, डॉक्टर! तुमची पाटी वाचून पेशंट आत आला नाही, तर त्याचे दात ठीक आहेत असे तुम्ही समजत होतात का?"

तिसऱ्या पाकिटावर मी पत्त्याच्या खाली लिहिले : 'पोस्टमनसाहेब, हमीदभाई हयात असल्यास कृपया घरी द्यावे.'

पत्राची वाट पाहत असताना एका दुपारी मी केतकीला वेबसाइट दाखवायला सांगितले. उघडून पाहते तो राखाडी चौकोनात कुमुदताई हसत होत्या! डॉक्टरांनी परस्पर लावायला सांगितले होते. आणि खाली पाहिले, तर माझे स्वतःचे हस्ताक्षर! तीस वर्षे रेडिओ ऐकून मी गाण्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत, त्या वह्यांची पानेच्या पाने. खाली लिहिले होते, 'सौजन्य : मंडळ'.

"माझ्या वह्या?"

केतकी हसून म्हणाली, "सरप्राइज! तू देवळात गेली होतीस तेव्हा मी फोटो काढले सगळ्या पानांचे. छान दिसतंय ना?"

इतका संताप मला उभ्या जन्मात आला नव्हता. मुलीने प्रेमाने केले होते, हे मला कळत होते, त्यामुळे तो अधिकच आला. मी डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितले, "हमीदभाईंचे पत्र हाती येईपर्यंत फोटो उतरवा. नाहीतर माझ्या वह्या उतरवा. एक काहीतरी आजच्या आज उतरेल."

"काकू, वह्या काढल्या तर साइटवर उरतं काय?"

"आपले सौजन्य!"

संध्याकाळपर्यंत चौकोन पुन्हा राखाडी झाला. रात्री केतकीने माझ्यासमोर एक कागद ठेवला. 'वह्या वापरण्याची परवानगी मिळावी ही विनंती.' शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या आणि सही दिली.

* * *

आता त्या हसण्याविषयी. कुमुदताई नेमक्या कशाला हसल्या, ह्यावर मंडळात जितकी भांडणे झाली तितकी परवानगीवरही झाली नाहीत. डॉक्टरांचे मत, तबलजीने चमत्कारिक तिहाई घेतली म्हणून. अण्णांचे मत, बाईंना आपलाच सूर आवडला म्हणून. मी दोघांनाही गप्प करीत असे. "तुम्ही कोणी तिथे नव्हता. मी होते. पहिल्या रांगेत. मागून कोणीतरी मनापासून दाद दिली, म्हणून त्या हसल्या. मी डोळ्यांनी पाहिले आहे!"

तिसरे पत्र टाकल्यावर पंधरा दिवसांनी मनमाडहून पोस्टकार्ड आले. अक्षर कापरे, पण ओळी सरळ. त्यात एकच वाक्य होते.

'कोणता फोटो? पूर्ण, की कापलेला?'

* * *

केतकीच्या गाडीतून आम्ही दोघी मनमाडला गेलो. हमीदभाई रेल्वे कॉलनीच्या मागे राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, बटणे गळ्यापर्यंत लावलेली. आम्ही पाच मिनिटे उशिरा पोचलो, तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मला गृहस्थ आवडले.

माझे पत्र त्यांच्यासमोर होते. ते म्हणाले, "बाईसाहेब, हा फोटो मी पेपरात पाहिला, कॅलेंडरवर पाहिला, मिठाईच्या डब्यावर पण पाहिला. विचारणारं पत्र हे पहिलंच."

"ह्याची मला लाज वाटते," मी म्हटले.

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर विचारलं." त्यांनी कपाटातून एक जाड पाकीट काढले. "परवानगी आहे. नाव घाला, बस. पण छापायचा तर पूर्ण छापा. आता कापाकापी नको."

"मग तो कापला कोणी?"

"मीच! माझा एक कायदा होता. माणूस झोपलेला असेल, तर त्याला उठवून विचारल्याशिवाय छापायचं नाही. झोपलेला माणूस बिचारा नाही कसं म्हणणार? मी विंगेत उभा होतो. पहिल्या रांगेत एक जोडपं. बाई गाढ झोपलेली. कार्यक्रम संपल्यावर शोधलं, पण ते निघून गेले होते. नाव ना पत्ता. म्हणून तेवढी बाजू कापली." त्यांनी पाकिटातून फोटो अर्धा बाहेर काढला आणि थांबले. "पण ताई हसल्या, त्या त्यांच्याकडेच बघून बरं का! बाई झोपलेली, आणि मालक असा बसलेला, की श्वास पण मोठा घेत नव्हता. तिची झोप मोडेल म्हणून."

त्यांनी फोटो माझ्यापुढे ठेवला.

कुमुदताई डावीकडे होत्या. उजवीकडे पहिली रांग. मोठ्या काठाची साडी नेसलेली एक बाई, तोंड किंचित उघडे, मान शेजारच्या खांद्यावर. तो खांदा ताठ. मांडीवर पितळी कडीची बायकी पर्स, ती दोन्ही हातांनी धरलेली. डोळे टक्क उघडे, गाण्याकडे लागलेले.

ती कडी आमच्या सराफ बाजारातल्या कासाराने बसवून दिली होती.

केतकीने फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

हमीदभाई म्हणाले, "ह्या बाईंना शोधा, बाईसाहेब. त्यांनी हो म्हटलं, तर माझी सही तयार आहे. नाही म्हटलं, तर फोटो पाकिटात."

मी त्यांच्याकडे एक कोरा कागद मागितला. परवानगीचे पत्र लिहायला मला कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. त्या दिवशी बराच लागला. हमीदभाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही.

स्मृतिदिनाला वेबसाइट सुरू झाली. पहिल्या पानावर पूर्ण फोटो आहे. खाली ओळ आहे, ती मी स्वतः लिहून दिली : 'छायाचित्र : हमीदभाई, मनमाड. त्यांच्या लेखी परवानगीने. डावीकडे कुमुदताई. उजवीकडे पहिल्या रांगेत सौ. नेरकर आणि श्री. वसंतराव नेरकर (जागे).'

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "काकू, ओळ फार लांब होतेय. शेवटचा तो कंसातला शब्द काढून टाकू का?"

मी म्हटले, "विचारलेत, हे चांगले केलेत. परवानगी नाही!"