गोदीचा निळा डबा

गोदीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. क्षयाच्या तपासणीला उठल्यावरचा पहिला बेडका चांगला, म्हणून पोशेऱ्याच्या पाड्यांवर माणसं जागी व्हायच्या आत ती दारात हजर. बेडका डबीत, डब्या बर्फाच्या निळ्या डब्यात, डबा डोक्यावर. डोंगर उतरून जीपने मोखाड्याच्या दवाखान्यात. सात वर्षांत एक डबी सांडली नाही. मी तिच्या शेजारचं माणूस, जन्मभर खडी फोडली. नीट काम कशाला म्हणतात ते मला कळतं.

२०२५चा जानेवारी सरत होता. ती जीपमधून उतरली आणि संस्थेचा कमलेश आडवा आला. पगार संस्था द्यायची, संस्थेला पैसा अमेरिकेचा.

"गोदीमावशी, काम बंद. डबा जमा करा."

"आत सात जण आहेत."

"जण नाहीत, नमुने आहेत."

"माघ्या रातभर खोकला तवा तो निघालाय. तू खोकून दाखव एवढं."

"मी काय करू? तिकडून अमेरिकेतूनच पैसा बंद झालाय."

"त्यांचं सगळंच बंद?"

"लष्कराचं कसं बंद होईल, मावशी?"

"म्हंजे बंदूक चालू, डबी बंद. कावडीचा एकच हंडा भरून चालतात का रं तुझे सायेब?"

डबा गेला, डब्या गोदीच्या हातात राहिल्या. कमलेशची नोकरीही त्याच दिवशी गेली, तरी मला त्याचा राग येतो. दवाखाना दोनशे पावलांवर होता. डब्या पोचवून डबा घेता आला असता. वरच्यांचा राग त्याहून मोठा. फौज ठेवा, कोण नको म्हणतं? पण काम मध्येच टाकायचं होतं, तर माघ्याला थुंकायला कशाला लावलं?

गोदीने सातही डब्या ओल्या फडक्यात बांधून दवाखान्यात नेल्या. माघ्याच्या डबीचं झाकण सैल होऊन अर्धं सांडलं होतं. तेवढी एक तपासनिसाने चालणार नाही म्हणून बाजूला ठेवली. माघ्याच्या घरात तीन लहान पोरं. दुसऱ्या पहाटे चारला गोदी पुन्हा त्याच्या दारात. बिनपगारी.

क्षयच निघाला. गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या.

गोदीचा शेवटचा पगार महिनाभराने आला. आठवडी बाजारात मासळीवालीशी भांडून तिने त्यातून बर्फाचा एक जुना डबा घेतला, आणि वास जाईपर्यंत राखेने घासला.